चित्राला दिलेली फाशी

"ती दोरी आहे, मादाम," ती पोरगी म्हणाली, आणि ब्लांदीन व्होद्रेलनं हातातला कॉफीचा कप बशीत असा ठेवला की आत भांडी घासणाऱ्या सुनेचे हात थांबले. पोरीचं नाव एस्तेल. वरच्या शहरातल्या संग्रहालयात जुनी चित्रं साफ करायचं काम करायची. मे महिन्यात तीच येऊन भिंतीवरची चित्राची फळी चादरीत गुंडाळून घेऊन गेली होती, आणि आज, कुळाच्या मेळ्याला पाच दिवस उरले असताना, फळीशिवाय परत आली होती. ब्लांदीनला तेव्हाच कळायला हवं होतं. रिकाम्या हातानं आलेलं माणूस बरं काही सांगायला येत नाही. "दोरी कसली? पट्टा आहे तो. राजानं दिलेला. मानाचा." पोरगी मांडीवर हात ठेवून बसली होती. नखांत रंग होता. "मीही तसंच समजत होते. पण मागचा काळा रंग नंतर कुणीतरी चढवलाय. तो काढला तेव्हा दिसलं, पट्टा गळ्याभोवती संपत नाही. कानामागून वर जातो. वर आडवं लाकूड आहे. आणि खाली अक्षरं निघाली." "कसली अक्षरं?" पोरगी नखातला रंग खरवडू लागली. "अगं, तोंड उघडलंच आहेस तर बोल." "मातुरँ व्होद्रेल. घरफोड्या." मग तिनं ते सगळं सांगितलं, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तशा हळू आवाजात, आणि त्या हळू आवाजाचाच ब्लांदीनला जास्त संताप आला. तीनशे वर्षांपूर्वी गुन्हेगार तुरुंग फोडून पळाला की त्याचं चित्र काढायचे, जल्लादाच्या हातात द्यायचे, आणि जल्लाद ते चित्र भर चौकात फासावर लटकवायचा. एक दिवस एक रात्र. माणूस जंगलात जिवंत, चित्र इथे मेलेलं. तेव्हा तसा कायदाच होता. "आणि लोक बघायला जायचे?" "जायचे, मादाम." "चित्राला फाशी बघायला?" "हो." "रिकामटेकडे मेले," ब्लांदीन म्हणाली.

"कुणाला सांगितलंस?" "अजून कुणालाच नाही. रविवारी मेळ्यात मला चित्राबद्दल बोलायला बोलावलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी लाकडाबद्दल बोलेन, रंगाबद्दल बोलेन. खोटं सांगणार नाही, पण एवढं सोडून देईन. घर तुमचं आहे." "उपकार करतेस?" "नाही, मादाम." "तुझं आडनाव काय?" "किरियाँ." "तुमच्यात कोण होतं?" "शेतकरीच असावेत सगळे. मी कधी बघितलं नाही." ब्लांदीन हसली. जिला आपल्या पणजोबाचं नाव माहीत नाही ती दुसऱ्याच्या पणजोबाच्या गळ्यात दोरी शोधायला निघाली. तिनं पोरीला दारापर्यंतसुद्धा पोचवलं नाही. सून उगेत हात पुसत बाहेर आली, "अहो आई, त्या काय म्हणत होत्या?" म्हणाली, तेव्हा ब्लांदीननं तिच्याकडे बघितलं नाही. "तुला सगळं ऐकू आलंय. नळ केव्हाच बंद केलास तू."

भिंतीवर फळीच्या जागी कागदाचा एक चौकोन होता, फुलाफुलांचा, आजूबाजूच्या कागदापेक्षा ताजा. ब्लांदीन त्या चौकोनाकडे बघत बसली. जन्मानं व्होद्रेल आणि लग्नानंही व्होद्रेल. चुलत घरात लग्न करायला बिशपची परवानगी काढावी लागली होती आणि ती काढली होती, कारण तिच्या बापाला दुसरं कुठलंही आडनाव मुलीच्या लायकीचं वाटलं नव्हतं. चौथीतून शाळा सुटली. तेराव्या वर्षी सां-सोव्हरमधल्या बुटांच्या कारखान्यात ती वरच्या चामड्याला शिवण मारायला बसली, तिथला मुकादम तिला "महाराणीसाहेब" म्हणून चिडवायचा कारण ती मान वर करून चालायची, आणि ती त्याला तोंडावर सांगायची की माझ्या पूर्वजाच्या गळ्यात राजाचा पट्टा होता, तुझ्या पूर्वजाच्या गळ्यात काय होतं, घंटा? बायका हसायच्या. मुकादमही हसायचा. पण शिवण उसवली म्हणून तो बाकीच्यांच्या पाठीत रट्टा घालायचा, तिच्या कधी घातला नाही. हे त्या फळीनं केलं होतं. हातभर लाकूड, त्यावर एक गोल डोळ्यांचा माणूस, रुंद टोपी, आणि गळ्याभोवती बोटभर रुंद तपकिरी पट्टा. चित्रकाराला नाक काही जमलं नव्हतं. लहानपणी ती विचारायची, हे असे डोळे का वटारलेत यांनी? आजोबा सांगायचे, लढाईत आहेत ना.

आणि तो पट्टा नुसता चित्रात राहिला नव्हता. ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये व्होद्रेल कुळाचा मेळा भरायचा, तिच्या बापानं चौतीस साली सुरू केलेला, आणि मेळ्याला येणारा प्रत्येक जण गळ्यात तपकिरी वेणीची दोरी घालून यायचा. दोरी. घरात तिला कायम दोरीच म्हणत, पट्टा म्हणायचा तो चित्रातल्याला. बाप गेल्यावर गळ्यात ती बांधायचा मान ब्लांदीनकडे आला. नवी सून आली की तिच्या गळ्यात, बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात, तिनं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती, डाव्या कानाखाली, कारण चित्रात तशी होती. तीस वर्षं. किती गळे झाले असतील. बाळं रडायची, आया हसायच्या, आणि ती गाठ ओढून म्हणायची, "झालास हो व्होद्रेल." तिला आता आपल्या बोटांकडे बघवेना. चामडं शिवून शिवून टोकाला चपटी झालेली ही बोटं जल्लादाची म्हणून कुठेही खपली असती.

बुधवारी ओव्हिला आला. ओव्हिला तिचा चुलतभाऊ, कुळाच्या मंडळाचा चिटणीस, जन्मभर वकिलाच्या कचेरीत कागद नकलून पाठीला पोक आलेला. उगेतनं त्याला सांगितलं असणार. या घरात भिंतीपेक्षा सून पातळ होती. टोपी गुडघ्यावर ठेवून तो बसला आणि त्यानं आधी हवेबद्दल, मग आपल्या मूत्रपिंडाबद्दल सांगून घेतलं. "ब्लांदीन, त्या पोरीला लाकडावर बोलू दे. लाकूड छान विषय आहे." "तुला कुणी विचारलं?" "तीनशे माणसं येतायत. सीमेपलीकडच्या मेन राज्यातूनसुद्धा बस येतेय. एवढ्या लांबून लोकांनी काय ऐकायला यायचं, आपला मूळपुरुष शेजाऱ्याच्या घोंगड्या चोरत होता?" "घोंगड्या?" "दोन घोंगड्या, एक पातेलं आणि डुकराच्या चरबीचा तुकडा. मी फोन करून विचारलं तिला." ब्लांदीननं डोळे मिटले. निदान माणूस तरी मारायचा होता. तलवार चालवली असती, गव्हर्नरच्या तोंडावर थुंकला असता, तरी ती मान वर करून चालू शकली असती. चरबीचा तुकडा! "कुणाच्या घरून?" "शेजारी. सगळे रविवारच्या प्रार्थनेला गेले होते तेव्हा." "म्हणजे प्रार्थनाही बुडवली." ओव्हिला उठला, टोपी घातली, आणि दारात थांबून म्हणाला, "तू न्याय करायला बसू नकोस म्हणजे झालं. एकदा केलास तेवढा पुरे." ओव्हिलाला बोलायला अक्कल लागत नाही, म्हणून त्याच्या तोंडून कधीकधी नेमकं तेच निघतं.

तिनं न्याय केला होता. लेओन्स तिचा थोरला. साठ साली तो पाद्री झाला तेव्हा सगळा मोहल्ला दारात उभा होता, आणि तिनं त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद घेतला होता, आई असून, रस्त्यात, चिखलात. तो चिखल झग्यावरून तिनं आठवडाभर धुतला नव्हता. अडुसष्ट साली मार्चमध्ये तो पाद्र्याच्या झग्याऐवजी पांढरा शर्ट आणि टाय घालून स्वयंपाकघरात आला. तिनं आधी टायकडे बघितलं. तो म्हणाला, आई, मी पाद्रीपण सोडतोय, परवानगीसाठी रोमला लिहिलंय, एक मुलगी आहे, शिक्षिका आहे, लग्न करणार आहे. त्या वर्षी कितीतरी जण सोडत होते, पण बाकीचे व्होद्रेल नव्हते. "ज्यानं राजाला दिलेला शब्द पाळला त्याच्या वंशातला तू," ती म्हणाली होती, आणि हे म्हणताना तिनं फळीकडे बोट केलं होतं, आणि लेओन्सनंही वळून बघितलं होतं, त्या गोल डोळ्यांच्या माणसाकडे. "आई, तो चित्रातला माणूस आहे. मी इथे उभा आहे." एवढंच बोलला होता. ती म्हणाली होती, मग नको उभा राहूस. नवरा अल्देज टेबलाशी होता, पावाला काकवी लावत होता. त्यानं तो तुकडा खाली ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही, तेवढंच काय ते त्याचं बोलणं. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर ती एकटी पाथरवटाकडे गेली. कुळाच्या दगडावर आजोबांखाली, बापाखाली तिनं कोरून घेतलं: लेओन्स व्होद्रेल, पाद्री, १९३४–१९६८. पाथरवटानं टोपी काढली, "महिना कुठला घालू, मादाम? काय झालं होतं बिचाऱ्यांना?" "वर्ष पुरे," ती म्हणाली. शहाण्या माणसानं पुढे विचारलं नाही. आणि एकाहत्तर साली अल्देजला पुरलं त्या दिवशी, सगळे पांगल्यावर, लेओन्स कुंपणापलीकडून आत आला, हे तिनं गाडीच्या काचेतून बघितलं. बापाच्या ओल्या मातीपाशी उभा राहिला. मग मान उचलून दगड वाचला. हनुवटी जराशी हलली, जसा लहानपणी धडा वाचताना हलायची. पुन्हा वाचला. मग निघून गेला. ती गाडीतून उतरली नाही. उगेत तिच्या शेजारी बसली होती आणि रडत होती, आणि ती उगेतला म्हणाली होती, नाक पूस, काचेवर वाफ धरते.

गुरुवारी ती न सांगता घराबाहेर पडली. खालच्या शहरातून वर जाणारा जिना ती सत्तर वर्षं चढत होती. त्या दिवशी तीनदा थांबली, आणि तिन्ही वेळा असं दाखवलं की ती देखावा बघतेय. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. फळी टेबलावर उताणी पडली होती, आणि आता त्यात लपवायला काही उरलं नव्हतं. आडवं लाकूड. त्याला बांधलेली दोरी. ते डोळे लढाईतले नव्हते. जीभही होती, लाल, नंतर कुणीतरी तिच्यावर मिशी रंगवली होती. मिशी! ज्या मिशीच्या पिळावरून तिच्या बापानं आपली मिशी ठेवली होती. "ही आमच्या घरात आली कशी?" ती ओरडलीच. "फासावरची फळी कुणी घरी आणतं का? जल्लाद आमचा व्याही लागत होता काय?" एस्तेलनं खुर्ची पुढे केली, ब्लांदीन बसली नाही. "मी तेच शोधत होते. काल सापडलं. वाचून दाखवू?" "मला वाचता येतं." पोरीनं कागद पुढे केला. ती जुनी अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकींच्या अंगावर चढलेली होती. ब्लांदीननं ती बराच वेळ बघितली, वाचल्यासारखी, आणि मग कागद परत सरकवला. "तू वाच. चष्मा घरी राहिलाय."

मातुरँची बायको होती, पेरीन. कुळाच्या वंशावळीत मातुरँच्या शेजारी तिचं नाव होतं, तेवढंच. मेळ्यात तिच्याबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एस्तेल तिची न्यायालयातली जबानी एका सुरात वाचत गेली. विचारलं, चौकातल्या फाशीच्या लाकडावरून फळी कुणी काढली. म्हणाली, मी काढली. विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून. म्हणाली, सांगणारा पळून गेलाय. विचारलं, भर दिवसा, लोकांसमोर, राजाच्या न्यायाचा अपमान का केला. म्हणाली, पाऊस येत होता. विचारलं, ती फक्त फळी आहे, तिचा नवरा नव्हे, हे तिला समजतं का. म्हणाली, मला समजतं. तुम्हाला समजत असतं तर फाशी दिली नसतीत. विचारलं, नवरा चोर आहे हे तिला कबूल आहे का. म्हणाली, आहे, खोटारडाही आहे, घरी आला तर मीच बदडेन. विचारलं, मग फळी भिजली तर तिचं काय गेलं. म्हणाली, सांगता येत नाही. विचारलं, फळी आता कुठे आहे. म्हणाली, चुलीत घातली, सूप शिजवलं. शिक्षा: कमरेपर्यंत उघडी करून शहराच्या चार चौकांत जल्लादाच्या हातचे सहा-सहा फटके. सही करता येत नाही म्हणाली, म्हणून सही केली नाही. एस्तेलनं फळी उलटी केली. मागे बिजागरीच्या दोन खुणा होत्या आणि सुरीचे बारीक बारीक ओरखडे. "पिठाच्या पेटीचं झाकण करून टाकलं तिनं. चित्राची बाजू आत. म्हणून कुणाला सापडली नाही."

"मूर्ख बाई," ब्लांदीन म्हणाली. पोरीला वाटलं आपल्याला म्हणतायत. जिना उतरताना ब्लांदीन पेरीनशी भांडत होती, ओठ हलत होते, समोरून येणारे बाजूला होत होते. कुणी सांगितलं होतं तुला? नवरा असला म्हणून काय झालं? त्यानं तुला विचारून चोरी केली होती? तो तिकडे जंगलात मजेत आणि तू इकडे पाठ सोलून घेतलीस, तीही एका लाकडाच्या तुकड्यासाठी. चोवीस फटके. मी नसते गेले. मी दाराला कडी घातली असती आणि पाऊस पडू दिला असता. मी त्याचं नावसुद्धा काढलं नसतं तोंडातून. पेरीन काही बोलत नव्हती. असल्या बायका बोलत नाहीत, न्यायाधीशासमोर तेवढ्या तोंड वाजवतात. तिसऱ्या वळणावर ब्लांदीनला कठडा धरावा लागला. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठायच्या आधी, ती बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन दगड घासायला जायची, आणि सगळ्यात जास्त घासायची ती शेवटची ओळ, कारण ती उथळ कोरली होती, शेवाळ लवकर धरायची. बारा वर्षं. पाऊस असला तरी. ती बया तिकडे नवऱ्याचं चित्र पिठात लपवत होती, आणि ही इकडे पोराचं मरण उजळत होती, वाचता यावं म्हणून. हे तिला जिन्यात कळलं, आणि कळल्यावर तिला कणव वगैरे काही आली नाही. राग आला, पेरीनचा, की ही बाई तीनशे वर्षं झाकणाखाली गप्प पडून होती आणि आता बोलायला उठली. आमच्यात चोर पुरुषाचा वंश चाललाय हे एक वेळ सहन होईल. पण असल्या बाईचा चाललाय, आणि तिच्यातला एक कणही माझ्यात उतरला नाही?

शुक्रवार गेला, शनिवार गेला. उगेतनं हॉलसाठी घागरभर वाटाण्याचं सूप केलं, तिच्या नवऱ्यानं, ब्लांदीनच्या धाकट्या आर्मांनं, बाकं वाहिली. ब्लांदीननं ठरवलं होतं. पोरगी नाही, ओव्हिला नाही, आपणच सांगायचं, सगळ्यांसमोर, जोरात. तिला बक्षीस नको होतं, माफी तर मुळीच नको होती. तिला ते चार चौक हवे होते. ज्यांच्या गळ्यात तिनं गाठी मारल्या ते तीनशे जण तिच्याकडे बघतील आणि त्यांचे चेहरे पडतील, कुणी उठून जाईल, कुणी थुंकेल, मेनच्या बसमधली म्हातारी म्हणेल की याकरिता आम्ही आलो काय. आणि ते सगळं तिनं उभ्यानं घ्यायचं, पाठ उघडी करून. एवढं झालं की लेओन्सचा विचार करता येईल. त्याच्या आधी नाही. ज्या नावासाठी पोराला जमिनीत घातलं त्या नावाची किंमत आधी लोकांनी तिच्याकडून वसूल करावी, म्हणजे ते नाव खरंच तेवढं मोठं होतं असं तरी ठरेल. शनिवारी संध्याकाळी उगेतनं भीत भीत विचारलं, "अहो आई, उद्या कुठला झगा काढू?" "काळा." "मेळ्याला काळा?" "काळा म्हटलं ना. बहिरी आहेस?"

हॉलमध्ये डुकराच्या भाजलेल्या मांसाचा, घामाचा आणि फ्लोअर पॉलिशचा वास होता. तीनशे गळे, तीनशे तपकिरी दोऱ्या. नव्या बाळांच्या गळ्यात तिनं गाठी मारल्या नाहीत, "नंतर" म्हणाली, आणि आया बाळं घेऊन गोंधळून उभ्या राहिल्या. एस्तेल पहिल्या रांगेत फाइल घेऊन बसली होती. ओव्हिलानं लाकडाबद्दलच्या व्याख्यानाची घोषणा केली तोवर ब्लांदीन मायक्रोफोनपाशी पोचली होती. "तू बस," ती ओव्हिलाला म्हणाली, आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मग तिनं सांगितलं. सजवून नाही. हा चित्रातला माणूस सरदार नव्हता, चोर होता. दोन घोंगड्या, एक पातेलं, चरबीचा तुकडा, प्रार्थनेच्या वेळी. गळ्यात राजाचा पट्टा नाही, फाशीची दोरी आहे, आणि तीच आपण सेहेचाळीस वर्षं गळ्यात घालतोय, मी तुमच्या लेकरांच्या गळ्यात घातली. त्याची बायको पेरीन चार चौकांत फटके खाऊन आली. आपण त्यांचे. "ज्याला लाज वाटत असेल त्यानं उठावं आणि जावं," ती म्हणाली. "मी कुणाला थांबवणार नाही."

कुणी उठलं नाही. एक बाळ रडलं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं, दाबलेलं हसू नाकातून निघावं तसं, आणि त्याच्या शेजारचा हसला, आणि मग ते हसू बाकांवरून पुढे सरकत आलं. "पातेलंसुद्धा?" कुणी ओरडलं. "रिकामं की भरलेलं?" सगळा हॉल खदखदला. "आर्मां, आता कळलं तू माझी करवत परत का देत नाहीस!" "रक्तातच आहे रे बाबा!" मेनच्या बसमधली म्हातारी डोळे पुसत होती, हसून हसून. पोरांनी दोऱ्या कानामागून वर ओढून जिभा बाहेर काढल्या आणि एकमेकांचे फोटो घेतले. एक तरणाताठा पुतण्या बाकावर चढून म्हणाला, "माझ्या बायकोच्या माहेरी दहा पिढ्यांत एक चोर नाही, बिचारीला सांगायला काहीच नाही!" आणि त्याच्या बायकोनं त्याला दोरीला धरून खाली ओढलं. टाळ्या पडायला लागल्या. ओव्हिला, तोच ओव्हिला, येऊन तिचा दंड धरून म्हणाला, "अगं, हे तर सरदारापेक्षा झकास! पुढच्या वर्षी याचं नाटकच बसवू या." कुणीतरी तिचा गाल चुंबला. ती एकेक चेहरा बघत गेली, रांगेमागून रांग, शिवण तपासावी तशी. एक तरी पडलेला चेहरा असेल. एकाला तरी लागलं असेल. सगळे तजेलदार होते, भुकेले होते, सूप कधी वाढणार याच्याकडे त्यांचं अर्धं लक्ष होतं. त्यांना काही गेलं नव्हतं, कारण त्यांनी त्या नावावर काही लावलंच नव्हतं. वर्षातून एक रविवार. एक दोरी. हे नाव एवढं वजनाचं आहे असं या तीनशे जणांत एकट्या तिलाच वाटत होतं, आणि एकटीनंच ते वजन उचलून पोराच्या छातीवर ठेवलं होतं.

हॉलच्या मागे, शौचालयांच्या बोळात, भिंतीवर फोन होता. उगेत तिच्या मागून धावत आली, एप्रनला सूप लागलेलं. "अहो आई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?" "नंबर सांग." "कुणाचा?" "उगेत, आज नको. बारा वर्षं माझ्या पाठीमागे ज्याला फोन करतेस त्याचा. शेरब्रूकचा." उगेतच्या तोंडावरून रंग उतरला, मग परत आला. वही न काढता, डोळे न हलवता, तिनं आकडे म्हटले, एकेक, आणि ब्लांदीननं चपट्या बोटानं ते फिरवले. आत हॉलमध्ये कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. "जा तू," ती म्हणाली. "सूप करपेल." उगेत दोन पावलं मागे सरली आणि तिथेच उभी राहिली, आणि ब्लांदीननं पहिल्यांदाच तिला पुन्हा सांगितलं नाही.

चार वेळा वाजलं. मग एक मुलगी बोलली, नऊ-दहा वर्षांची असेल, तोंडात काहीतरी होतं. "हॅलो?" ब्लांदीननं भाषण तयार केलं नव्हतं. "लेओन्स आहे का?" "पप्पा बागेत आहेत. कोण बोलतंय?" जन्मभर या प्रश्नाला तिनं एकच उत्तर दिलं होतं, आडनाव, मान वर करून, आणि ते आता जिभेवर आलंच नाही. "त्याची आई," ती म्हणाली. "तुझी आजी." पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. "नाही," मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही, चुकीचा पत्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं. "चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला. पप्पांची आई वारली. मी व्हायच्या कितीतरी आधी." "कधी?" "अडुसष्ट साली." बोळात कुणीतरी येऊन शौचालयाचं दार ओढलं आणि बंद केलं. ब्लांदीननं भिंतीला हात लावला. भिंत ओली होती. पोरगी फोन ठेवणार असं वाटलं तेव्हा ती घाईनं म्हणाली, "कशानं वारली?"

"काय?"

"कशानं वारली ती? सांगितलं असेल ना त्यानं."

मुलगी विचार करत होती. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, बहुतेक तिनंही विचारलं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "थांबा हं, विचारून सांगते." फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला, जाळीचं दार वाजलं, आणि लांबून, उन्हातून, तो बारीक आवाज आला, "पप्पा! एक बाई विचारतेय, आजी कशानं वारली?"

मग लाकडी पायऱ्यांवर पावलं, जड, सावकाश, एकेक. उगेतनं तोंडावर हात ठेवला होता. ब्लांदीननं रिसीव्हर कानावर घट्ट दाबला आणि सरळ उभी राहिली. तिला उत्तर ऐकायचं होतं.